धुतलेलं बॅरल

आमचे आप्पा माळकरी होते आणि त्यांच्या कपड्यांना दारूचा वास यायचा. नांदगावकडच्या कोरडवाहू जमिनीत तिघांचं भागेना, म्हणून ते आईला आणि मला घेऊन नाशिकला आले आणि एका वायनरीत बॅरल धुवायच्या कामाला लागले. एकवीस वर्षं तेच काम. पत्र्याची एक खोली. आई द्राक्षबागांत रोजाने जायची. आप्पांचा सदरा ती कितीही घासायची, वास जात नसे. बसमध्ये शेजारचा माणूस उठून पुढे जायचा. शाळेत एक मुलगी म्हणाली, "तुझे वडील पिऊन येतात ना?" मी तिला मारलं होतं.

कामावरची माणसंही त्यांना छेडायची. "आप्पा, एकदा बोट बुडवून चाटा की. माळेला काय दिसतंय?"

"माळंला नाय दिसत," आप्पा म्हणायचे, "मला दिसतं ना."

मी बी.एस्सी. झाले, मायक्रोबायोलॉजी घेऊन. आई-आप्पांच्या दोन्ही घराण्यांत कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे सांगताना मला कसला संकोच वाटत नाही. नोकरी लागली ती मात्र क्राफ्ट बिअरच्या एका छोट्या कारखान्यात. आप्पा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना विचारलं, "भांडी-टाक्या तरी नीट धुत्यात का तिथं?"

चार वर्षांनी मालकांनी एक बिअर पूर्णपणे माझ्यावर सोपवली. स्टाउट, म्हणजे भाजलेल्या बार्लीची काळी, कडसर बिअर. ती रेड वाइनच्या रिकाम्या बॅरलांत आठ महिने मुरवायची. साधली तर हेड ब्रुअर तू, बिघडली तर बाहेरून माणूस आणू, असं त्यांनी तोंडावर सांगितलं.

बॅरल निवडायला मी आप्पांना वायनरीत नेलं. ते तेव्हा काम सोडून घरीच होते. बारा बॅरलांच्या भोकांना एकेक करून नाक लावत त्यांनी तीन बाजूला काढली. "ही घे. बाकीची आंबलीत."

दुसऱ्या दिवशी बॅरल कारखान्यात आली. आप्पाही आले. मी लॅबमधून तासाभराने बाहेर येते तर एका बॅरलमधून वाफा निघतायत. उकळतं पाणी घालून, लोळवून, तीनदा खळखळून त्यांनी ते धुतलं होतं आणि आता दुसऱ्याकडे वळले होते.

"नाक लाव," ते खुशीत म्हणाले. "हाय का काही वास?"

नव्हता. आणि मला तो वासच हवा होता. लाकडात मुरलेली वाइन बिअरमध्ये उतरावी, म्हणून तर ही बॅरल आणली होती.

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला?" मी चार कामगारांसमोर ओरडले. "एकवीस वर्षं बॅरल धुतली, पण त्यात काय असतं ते कळलं नाही तुम्हाला!"

आप्पांनी नळी गुंडाळून जागेवर ठेवली. "चुकलं बाई माझं," म्हणाले आणि घरी गेले.

दुसरं बॅरल मिळण्यासारखं नव्हतं. तेच भरलं. आप्पा पुन्हा कारखान्यात आले नाहीत. मला काही विचारत नसत, आईला विचारायचे, "तिचं उघडलं का गं?" मी ऐकत असायचे. म्हटलं, बॅरल उघडलं की बोलू. किती बिघडलंय ते तरी कळेल. लॅबची सवय, दुसरं काय. रिपोर्ट आल्याशिवाय बोलायचं नाही.

पाचव्या महिन्यात एका सकाळी आप्पा आंघोळीला उठले आणि दारातच कोसळले. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही, तिथेच गेले.

आठवा महिना भरल्यावर मालक आणि मी तीन ग्लास घेऊन बसलो. पहिल्या दोन बॅरलांत वाइन जबर उतरली होती. तुरट, आंबूस, घसा धरणारी. "ही बिअर आहे की वाइन?" मालकांनी तोंड वाकडं केलं. तिसऱ्यात, म्हणजे धुतलेल्यात, वाइन नावाला नव्हती. भाजकी कडू चव, ओलं लाकूड, मागून थोडं जायफळासारखं काहीतरी. चव स्वच्छ होती, पण एकटी फिकी.

मग मी मापाने मिसळून पाहिलं. तिघींचा एकेक सारखा भाग. आंबूसपणा खाली बसला, वाइन हलकीशी उरली. मालकांनी ग्लास संपवला.

"हे तिसरं मुद्दाम धुतलं होतंस?"

"नाही. वडिलांनी धुतलं होतं."

 मी ग्लास नाकाशी धरला. हातात रिपोर्ट होता आणि ज्यांना सांगायचा ते नव्हते. सांगितलं असतं तरी ते चाखणार नव्हतेच. वास घेतला असता आणि बघितलं असतं माझ्याकडे. तेवढंच हवं होतं मला.

तिन्ही बॅरलांतली स्टाउट बाजारात गेली, एक थेंबही ओतून द्यावा लागला नाही. त्याच्या पुढच्या महिन्यापासून मी त्या कारखान्याची हेड ब्रुअर आहे.