चाखलेलं कुठं जातं?

मला लहानपणापासून नसत्या चौकशांची खोड. घड्याळ कशानं चालतं, मांजर का गुरगुरतं, असल्या. सासरी आले तर थोरल्या जाऊबाईंनी नावच पाडलं, 'चौकशी खिडकी'. त्या गिरणीच्या कॅन्टीनमध्ये मुख्य स्वयंपाकीण, मी त्यांच्या हाताखाली भाज्या चिरायला. चव बघायच्या चमच्याला हात लावायची मला परवानगी नव्हती. "तुला मिठाचा अंदाज नाही," हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, आणि जाऊबाईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

अशा बाईला जळजळीनं गाठलं. खाल्लेलं घशाशी यायचं, रात्री उशांवर उशा रचून अर्धवट बसूनच झोपायच्या. गोळ्या घेतल्या की चार दिवस बरं, मग पुन्हा ये रे माझ्या मागल्या. दुर्बिणीच्या तपासणीत काही गंभीर निघालं नाही. पण पातेल्यावर वाकलं की ठसका लागायचा. शेवटी मॅनेजर म्हणाला, "बाई, जेवणावर खोकलेलं चालत नाही. महिन्याभरात बऱ्या झाला नाहीत तर मला दुसरं कुणीतरी बघावं लागेल." स्वयंपाकघर सुटलं तर ही बाई जगणार कशी, मला खरंच भीती वाटली.

मग कुणीतरी एका डॉक्टरीणबाई सुचवल्या. त्यांनी गोळ्या बंद केल्या नाहीत, पण प्रश्नांची सरबत्ती लावली. झोपता कधी? चावून खाता का? डोक्याला ताप कशाचा? मला तर माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. म्हणाल्या, "कशानं होतंय ते शोधू. तिखट, आंबट, तळलेलं, कॉफी, सगळं सध्या बंद. मग एकेक परत आणू, म्हणजे चोर सापडेल."

जाऊबाईंनी पथ्य डोळ्यांत तेल घालून पाळलं. डब्यात मऊ भात आणि उकडलेल्या भाज्या. फरक म्हणाल तर काडीचा नाही. महिना संपत आला.

मला काही चैन पडेना. पथ्य खरं, बाई खरी, मग घोडं पेंड खातंय कुठं? दुसऱ्या दिवशी कामाच्या नावानं मी त्यांच्यावर नुसती नजर ठेवली, आणि थोड्याच वेळात घरून आणलेला माझा चमचा आणि एक वाडगा काढला. त्यांनी चमचाभर सूप तोंडात घातलं की मी चमचाभर वाडग्यात. मग रस्सा. तिखट कमी पडलं म्हणून पुन्हा रस्सा. टोमॅटोची चटणी, तळलेला कांदा, मोठ्या किटलीतली कॉफी. दुपारपर्यंत वाडगा काठोकाठ भरला.

"हा काय उकिरडा?" त्यांनी विचारलं.

"तुमचं सकाळचं जेवण."

"मी कुठं जेवले? नुसतं चाखलं. चाखणं म्हणजे काय खाणं असतं होय?"

"मग जाऊबाई, चाखलेलं कुठं जातं?"

त्यांनी वाडगा जवळ ओढून बघितला. वर लाल तेलाचा तवंग होता, खाली कॉफीचा गाळ.

वाडग्याची गोष्ट ऐकून डॉक्टरीणबाई आधी हसल्या, मग म्हणाल्या, "हे मीच विचारायला हवं होतं. चमचाभर काही गेलं तरी पोट कामाला लागतं. तुमच्या पोटाला सकाळपासून उसंतच नाही. चाखणं बंद करा, आणि दुपारी वेळेवर बसून जेवा." जाऊबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "न चाखता करू? मग मी स्वयंपाकीण कसली?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी सूप ढवळलं, वास घेतला, सवयीनं चमचा भरला आणि तोंडाजवळ नेऊन थांबवला. तो माझ्यापुढे धरला. मी चाखलं.

"मीठ?"

"किंचित कमी."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी मीठ टाकलं. पुढचे काही दिवस हेच चाललं, आणि ठसका हळूहळू इतका कमी झाला की मॅनेजरनं दुसऱ्या माणसाचा विषय काढला नाही. आता त्या मी केलेल्या, त्यांच्यापुरत्या टोमॅटो न घातलेल्या सुपात भात कालवून खुर्चीत बसून जेवतात.

परवा मी विचारलंच, "मीठ बरोबर आहे का हो?"

त्यांनी घास सावकाश चावून गिळला. "जरा जास्त आहे."

मी मिठाचा डबा लपवावा तसा पदराआड धरला.

"राहू दे," त्या म्हणाल्या, "मी जेवतेय." आणि ताटली चाटूनपुसून साफ केली.