दोन नग दाखवा, आधी कुठला ते सांगतो

हे आत्ताच सांगायला हवं, नाहीतर मी शेजारच्या गाळ्यात जाऊन कुणालाही धरून सांगेन!

काल दुपारी बारा वाजता पूर्णा गावातल्या गोडाऊनमध्ये मी कॉम्प्युटरसमोर बसले होते आणि पाटील शेठ, म्हणजे आमचे मालक, माझ्या टेबलावर जुनं रजिस्टर आपटून म्हणाले, "चार वाजता औषधवाले गुप्ताजी येनार. लिस्ट चुकली तं उद्यापासून परत हातानं लिवायचं. मंग तुझं काय काम हाय हितं, तूच सांग."

म्हणजे नोकरी जाणार! पहिलीच नोकरी, फक्त सहा महिने झालेत.

आधी माझं काम सांगते. गोडाऊनमध्ये वेगवेगळ्या पार्ट्यांचा माल असतो. गाडी लागली की कुठला नग आधी बाहेर काढायचा, याची लिस्ट पीएचपी या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिलेला माझा प्रोग्राम छापतो. कापडवाल्यांना एका लॉटचे तागे एकत्र लागतात, नाहीतर रंगात फरक दिसतो. औषधवाल्यांना ज्याची एक्सपायरी जवळ आली ते कार्टन आधी. मी यासाठी एकच भलंमोठं फंक्शन लिहिलं होतं. फंक्शन म्हणजे नाव देऊन ठेवलेली कृती. नाव घेतलं की ते काम होतं. त्यात ‘कापड असेल तर असं, औषध असेल तर तसं’ अशी ठिगळंच ठिगळं. परवा औषधांचं ठिगळ लावलं आणि तिकडे कापडाचे लॉट मिसळून गेले. शेठ तापणारच.

डोकं चालेना म्हणून शटरपाशी गेले. हमालांचे मुकादम बारकूमामा गाडी भरून घेत होते. कापडवाल्यांचा माणूस बाजूला खुर्चीवर. हमाल दोन तागे त्याच्यासमोर धरायचे, तो बोट दाखवायचा, "हा आधी." परत दोन. परत बोट.

"मामा, तुम्हाला सगळ्या पार्ट्यांचे नियम पाठ आहेत?"

"मी कशाला पाठ करू? पार्टी आपला मानूस पाठवते. आमी दोन नग दाखवतो, तो बोलतो ह्यो आदी. उद्या दुसरी पार्टी, दुसरा मानूस. हमाल तेच."

मी तिथेच उडी मारली. "मामा, तुम्ही प्रोग्रामर आहात!"

"गप ग पोरी, गाडी भरू दे."

मी पळत टेबलावर! कारण पीएचपीत हे चालतं. एका फंक्शनला दुसरं फंक्शन हातात देता येतं. माल लावणारं फंक्शन, म्हणजे सॉर्ट, हे हमाल. नियमाचं फंक्शन हा पार्टीचा माणूस. सॉर्ट त्याला दोन नग दाखवतो, तो फक्त ‘हा आधी’ एवढंच सांगतो. मी ठिगळं उसवली, कापडाचा नियम वेगळा लिहिला, औषधांचा वेगळा.

सव्वातीनला लिस्ट छापली. कार्टन ज्या क्रमाने गोडाऊनमध्ये आले होते, त्याच क्रमाने! एक्सपायरीचा पत्ता नाही. एररही नाही; आमचं पीएचपी जुनं, अशा चुकीवर थांबत नाही, नुसती वॉर्निंग देतं.

आणि मग आठवलं. वॉर्निंग मीच बंद केल्या होत्या. स्क्रीनवर इंग्रजी ओळी आल्या की शेठ लांबूनच ओरडायचे, "बिगडला काय गो?" चालू केल्या तर खाली स्वच्छ लिहिलेलं, तू सॉर्टला जे दिलंस ते फंक्शनच नाही.

सवयीने मी नियमाच्या नावापुढे कंस टाकले होते. कंस म्हणजे ‘हे काम आत्ता कर’. म्हणजे पार्टीच्या माणसाला गेटवरच अडवून विचारलं, आधी कुठला? समोर एकही नग नाही. तो काय सांगणार? खांदे उडवले. आणि मी माणसाला आत पाठवायच्या ऐवजी त्याचं ते उत्तर आत पाठवलं! कंस काढले, नुसतं नाव दिलं. लिस्ट बरोबर.

चारला गुप्ताजी आले. दहा कार्टनची लेबलं लिस्टशी ताडून बघितली. मग थांबले.

"मैडम, इन दोनों की एक्सपायरी सेम है. ऐसे में छोटा बैच पहले जाता है हमारा."

शेठनी माझ्याकडे बघितलं. मी फक्त औषधांच्या नियमात दोन ओळी वाढवल्या, परत छापली. पाच मिनिटं! कापडाचीही लिस्ट काढून बघितली, एक तागा इकडचा तिकडे नाही.

"हां, अब ठीक है. गाड़ी लगवाओ," गुप्ताजी म्हणाले.

शेठ काही कौतुक करणाऱ्यातले नाहीत. जाता जाता एवढंच, "उद्या खारबावची टाइल्सची पार्टी येते. त्यांचा नियम पन घाल."

माझ्यापुरतं शिकले ते असं. काम तेच असेल तर काम करणाऱ्याला हात लावू नका, नियम बाहेरून हातात द्या. आणि मालक घाबरतो म्हणून वॉर्निंग लपवू नका, मालक तसाही घाबरतोच.

तुमचं झालंय का असं कधी, द्यायचं होतं फंक्शन आणि दिलं त्याचं उत्तर? आणि किती तास गेले? खरं सांगा हं!