काकूंचे शनिवार

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या शूटिंग रेंजवर दर शनिवारी एक मराठी काकू दिसायच्या. नाव मी कधी विचारलं नाही. छोटंसं पिस्तूल दोन्ही हातांत धरून, ओठ घट्ट मिटून त्या ट्रिगर ओढायच्या. दहा गोळ्या झाडायच्या आणि निशाणा लागला का ते न बघताच निघायच्या.

“काकू, हलक्या ट्रिगरचं घ्या ना,” मी एकदा म्हटलं.

“ह्यांचं आहे रे. दोनशे गोळ्या झाडल्या की ट्रिगर मऊ होईल, असं दुकानदार म्हणाला होता. पण शनिवार आला की मीच ह्यांना मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला ओढून न्यायचे. आमच्या स्टोअरमध्ये चोर शिरला, तेव्हा ह्यांच्या दुखऱ्या बोटाला ट्रिगर ओढताच आला नाही. तिथेच गेले.”

परवा त्यांनी रिकामं पिस्तूल माझ्यापुढे ठेवलं. “बघ, झाला का मऊ?”

मी ओढून पाहिला. “झाला, काकू.”

“आता जमलं असतं ह्यांना,” त्या म्हणाल्या, आणि पुन्हा गोळ्या भरायला लागल्या.