मावशीच्या गळ्यातले मणी

नागपूरजवळच्या माळांवर मोठमोठ्या दगडांची वर्तुळं आहेत. हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांची ती थडगी. सत्तरच्या दशकात मी विद्यार्थी म्हणून तिथं एका उत्खननावर होतो. काम थोडं, तोंड फार. बघायला येणाऱ्यांना सांगायचो, "आतला राजा नऊ फुटांचा, घोडा दहाचा, अन् दोघं एकाच ताटात जेवायचे!" लोक हसत. आमचे सरही.

माती वाहणाऱ्या बायांत एक मावशी होती. तिच्या गळ्यात इंगळासारख्या लाल दगडी मण्यांची पोत. पावसाळ्यानंतर तिथल्या वावरांत असे मणी वर येतात; बाया ते वेचून गळ्यात घालतात. पहिल्याच दिवशी मी तिला विचारलं होतं, "मावशी, राजाची राणी तूच का वं?"

"हो गा बाबू. राजा मेला, अन् मले घमेलं देऊन गेला!"

पुढं एकदा शहरातून बडे पाहुणे आले. मी रंगात आलो. मावशीकडे बोट करून म्हणालो, "साहेब, अर्धा खजिना संग्रहालयात जातो, अर्धा यांच्या गळ्यात!" पाहुणे खो खो हसले. सर हसले नाहीत. जीप गेल्यावर त्यांनी मावशीला बोलावलं.

"हे मणी कुठले?"

"मायच्या मायनं वावरात येचले जी. मी पहिल्या दिसापासून घालून राहिली. इचारा या बाबूले."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. खरं सांगायचं, तर पाहुण्यांसमोर मी एका बाईला उगाच चोर ठरवलं, हे कबूल करणं आलं.

"लक्षात नाही, सर."

"काहून गा बाबू? राणी म्हणे ना तू मले?"

तिनं पोत काढून टेबलावर ठेवली. "घ्या जी. पण चोर नोका म्हणू."

सापडलेल्या वस्तूसोबत ठेवायची चिठ्ठी सरांनी मलाच लिहायला लावली. 'किती खोल सापडलं' या रकान्यात मी लिहिलं, एकाहत्तर सेंटिमीटर. माझा दहा फुटी घोडा कुणी कधी खरा मानला नव्हता. हा आकडा मात्र सरांनी मान डोलावून पेटीत घातला.

दुसऱ्या दिवशी मावशी कामावर आली. एकटी तीच नाही, सगळ्याच बाया गळे मोकळे ठेवून आल्या होत्या. मंगळसूत्रं तेवढी पदराखाली. घमेली घेऊन माझ्यापाशी आल्या की त्या पदर आणखी घट्ट ओढून घेत.