त्या बाईला वर कोणी काढलं?

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही, आजही नाही. आणि "भास असेल ताई" असं लिहायला टपून बसलेल्यांनी आधी पूर्ण वाचा, मग बोला.

आम्ही पाचोऱ्याचे. गेल्या हिवाळ्यात मी, माझे मिस्टर आणि सासरे (त्यांना आम्ही नाना म्हणतो) कोकणात दाभोळचं जुनं बंदर बघायला गेलो. नानांनी समुद्र पहिल्यांदाच पाहिला. बंदर बघून झालं, दुपारी किनाऱ्याच्या पायवाटेने निघालो. नानांचे गुडघे पार गेलेले. पायवाटेखाली कोरडी वाळू दिसली, तर तिकडे बोट करून अहिराणीत म्हणाले, "मी आठेच बसस. पानी दूर शे." आम्हीही दोघांनी धरून त्यांना खडकावरून खुशाल खाली उतरवलं आणि पुढे फिरायला गेलो! आमच्या गिरणा नदीच्या कोरड्या पात्रात लोक अशाच पंगती मांडतात ना... भरती कोणाच्या डोक्यात येणार?

परत आलो तर वाळू गायब. खडकांवर लाटा आपटत होत्या. आणि नाना वर, पायवाटेवर बसलेले — कमरेपर्यंत ओले, थरथरत.

"नाना, वर कसे आलात?"

"एक बाई उनी. 'ऊठ नाना, पानी उनं' म्हने. तिनी माले खालतून लोटं." मग समुद्राकडे बघून ओरडले, "तिले कोनी काढं?"

'ऊठ, पाणी आलं' असं आमच्या अहिराणीत सांगणारी बाई, तिथे कोकणात! पायवाट ती एकच, आणि आम्हाला तिच्यावर चिटपाखरू दिसलं नव्हतं. बंदरावरच्या कोळ्यांनी बिचाऱ्यांनी लगेच होडी काढली, अंधार पडेपर्यंत फिरले. काही नाही. कोणी हरवल्याची तक्रारही नाही.

मिस्टर म्हणतात, घाबरून नाना स्वतःच चढले. अहो, ज्या माणसाला कोणी हात धरल्याशिवाय घराचा उंबरा ओलांडता येत नाही, तो पुरुषभर उंचीचा खडक चढला? डोकं फिरतं माझं! शेजारणी तर आणखी पुढे... एखादं चांगलं भूत असेल म्हणे. नानांना तेवढंच बरं वाटेल म्हणून मी ते त्यांना सांगायला गेले, तर ताट बाजूला सारून माझ्यावरच कडाडले.

"भूत म्हनीसन तुम्ही बठ्ठा मोकया व्हई ग्यात! तिना हात गरम व्हता."

खरंच, भूत म्हटलं की आपण सगळे मोकळे, शोधायला नको. तुमच्याकडे याचं उत्तर असेल तर जरूर लिहा. पण आधी मला हे सांगा, नानांना काय सांगू? रोज सकाळी विचारतात, "सापडनी का ती?"