पायाकडचा काठ

नव्वदीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात आई छतावर उन्हात बसून स्वतःची गोधडी वाढवत होती. गोधडी जुनीच, पूर्ण झालेली. तिला चारही बाजूंनी लुगड्याचे काठ जोडणं चाललं होतं.

"तुला तर पुरते," मी म्हणालो.

"मला पुरते रे. शय्यादानाला पुरायची नाही. आपले गुरुजी केवढे लंबे! त्यांचे पाय उघडे पडले तर वर माझेही पडतील."

ती हसली. माणूस गेल्यावर ब्राह्मणाला अंथरूण-पांघरूण देतात, ते गेलेल्याला पोचतं, हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण आईची तब्येत ठणठणीत होती. चौथा काठ लागला की ती जाणार, असं माझ्या मनानं घेतलं.

मी दोऱ्याचं रीळ लपवलं. तिनं जुन्या साडीचे धागे ओढून काढले. मग ती पंचगंगेवर अंघोळीला उतरली की मी पायाकडच्या चौथ्या काठाचे टाके उसवू लागलो. गल्लीत पावलं वाजली की गोधडी घाईनं घडी करून ठेवायचो.

एकदा जेवताना ती म्हणाली, "उंदीर मोठा हुशार आहे हो. टाके खातो, कापडाला दात लावत नाही." मी भात कालवत राहिलो. "काठ लावल्यानं कुणी मरत नाही, बाळा. मेल्यावर लागतो, म्हणून लावतेय."

तरीही मी उसवत राहिलो. ती पुन्हा शिवत राहिली.

माघात तिला ताप आला, तो छातीत उतरला. ती गेली तेव्हा तीन काठ पक्के होते. चौथा एका टोकाला लोंबत होता.

दानाच्या दिवशी सकाळी मी सुई घेऊन बसलो. "द्या इकडे, मी शिवते," बायको म्हणाली. मी दिली नाही. टाके वेडेवाकडे पडले, बोटांतून रक्त आलं. गुरुजी दारात आले तेव्हा मी शेवटचा दोरा दातानं तोडत होतो.

गोधडी काखेत मारून ते गल्लीतून निघाले. मी कोपऱ्यापर्यंत मागे गेलो. नजर त्या काठावरच होती.

आजही थंडीत पाय उघडे पडून जाग येते, तेव्हा मी पांघरूण ओढत नाही. तसाच पडून आठवत राहतो, शेवटी गाठ मारली होती की नाही. नक्की आठवत नाही.