पडद्याकडे पाठ करून

चौगुलेबाईंनी आयुष्यातला पहिला सिनेमा पडद्याकडे पाठ करून पाहिला. ही थाप नाही. आमच्या गावच्या पत्र्याच्या थेटरात, बाजाराच्या दिवशी, दुपारी तीनच्या खेळाला त्या खुर्ची उलटी फिरवून अडीच तास बसल्या होत्या. मी प्लॅस्टरमधला हात मांडीवर घेऊन पहिल्या रांगेतून एकदा पडद्याकडे आणि दहादा त्यांच्याकडे बघत होते. माझी शाळा राहणार की सुटणार, हे त्या उलट्या खुर्चीवर ठरायचं होतं.

आमचं गाव कृष्णाकाठचं. आज ते सांगली जिल्ह्यात आहे, पण त्या काळी साताऱ्यातच मोडायचं. बाई आम्हाला पाचवीला होत्या. अंगानं किरकोळ, नेसणं पांढरं, आणि चालताना नजर कायम जमिनीवर, कारण पायाखाली मुंगी यायला नको. जैनाघरच्या होत्या. तरुणपणी कपाळ पांढरं झालं, तेव्हा माहेरच्यांनी कोपऱ्यात न बसवता ट्रेनिंगला पाठवलं. शाळेत त्या पुस्तकी बोलायच्या, पण राग आला की गावचं बोलणं तोंडात यायचं. आम्ही त्या बोलण्याला जेवढं भ्यायचो, तेवढं छडीला कधी भ्यालो नाही.

त्यांचं पाणी गाळणं बघायला आम्ही मधल्या सुट्टीत शाळेच्या आडाभोवती जमत असू. घागरीच्या तोंडावर दुहेरी फडकं धरायचं, पाणी सावकाश ओतायचं. इथवर कुणीही करील. पण फडक्यात जे राहिलं, ते बाई झटकून टाकत नसत. त्यावर थोडं पाणी घालून ते तांब्यात धरायच्या आणि तांब्या दोरीनं परत त्याच आडात हळूच सोडायच्या. ‘त्यात जीव असतात. ते त्यांच्या घरी गेले पाहिजेत,’ म्हणायच्या. सगळ्याच गोष्टींना त्यांचा हाच नियम होता. कुणी वर्गात गावगप्पा आणल्या की त्या म्हणायच्या, ‘गाळून घे.’ कुणी लढाईची बातमी आणली, तरी तेच. मी एकदा शेजारणीची चहाडी सांगायला गेले, तर म्हणाल्या, ‘शकू, हे दोनदा गाळून ये. काही उरलं तर सांग.’ काहीच उरलं नाही.

लढाई संपून माणसं घरी परतत होती, त्या वर्षी गावात सिनेमा आला. पलटणीतून आलेल्या एका हवालदारानं गुळाचं जुनं गोदाम घेतलं, वर पत्रे चढवले, आत पांढरा पडदा ताणला. आधीच्या गुळाचा वास काही गेला नाही. मुंगळे तर बारमाही होते. आणि दुसऱ्याच महिन्यात तो बोलपट लागला.

त्यात एक बुरखा घातलेला वीर होता. दिवसा भोळा पाणक्या, आणि गरिबावर संकट आलं की काळा झगा पांघरून या माडीवरून त्या माडीवर उडायचा. बंदुकीच्या गोळ्या त्या झग्यावरून घरंगळून खाली पडायच्या. एका हातानं बैलगाडी उचलायचा. तो झगा आम्हाला थेट घोंगड्यासारखा दिसायचा, म्हणून आम्ही त्याचं नाव घोंगडीवाला ठेवलं. आठ दिवसांत गावातली एक घोंगडी जागेवर राहिली नाही. म्हातारी माणसं रात्री कुडकुडायची आणि नातवंडं दिवसा गळ्याला घोंगडं बांधून गोठ्यावरून उड्या मारायची.

मुलं म्हणाली, ‘पोरींच्या घोंगड्यात वारा भरत न्हाई.’ मी म्हटलं, ‘बघूच.’ आमच्या कडब्याच्या गंजीवर चढले, आज्याचं घोंगडं गळ्याला बांधलं आणि उडी टाकली. वारा भरला होता, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण तो फार वेळ थांबला नाही. हात मोडला, मिरजेच्या दवाखान्यात नेऊन बसवावा लागला, आणि आगगाडीतून परत येताना आबा सबंध रस्ता एक शब्द बोलले नाहीत. माझे वडील गप्प बसले की ते काहीतरी ठरवत असतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

घरी पाय ठेवताच ते म्हणाले, ‘शाळेचं नाव सांगून पोरं थेटरात जात्यात. बास झाली शाळा. ह्या पोरीला आता घरात बसवा.’ आई रडली, मी रडले. मी वर्गात दुसरी होते. पहिला नामदेव होता. लहानपणच्या तापात त्याचा एक पाय वाळला होता, काठी घेऊन चालायचा, पण गणितात त्यानं मला कधी पुढं जाऊ दिलं नाही.

गावात आणखी दोन मुलं गोठ्यावरून पडली आणि पंचांची बैठक बसली. आता नुसता माझा प्रश्न राहिला नव्हता. हा सिनेमा पोरांना दाखवावा की नाही, हे गावाला ठरवायचं होतं. शाळेचा कारभार बघणारे तात्या पंचांत सर्वांत मोठे होते. त्यांनी तोड काढली. ‘आवं, आपुन कशाला भांडायचं? बाईंस्नी इचारा. त्या बगतील आन् सांगतील. त्यांचा शबुद शेवटचा.’ आबा म्हणाले, ‘बाई जर म्हनल्या सिनेमा चांगला, तर माझी पोरगी शाळंत जाईल. वाईट म्हनल्या तर घरात.’

तात्यांचा हिशेब सरळ होता. जी बाई मुंगी चुकवून चालते, कांदा-लसणाला शिवत नाही, तिला मारामारीचा सिनेमा दाखवला की निकाल आधीच लागला! पंच मिशीत हसले. हवालदारानं तर डोक्याला हात लावला. मीही घरी जाऊन पाटी-दप्तर एका फडक्यात बांधून ठेवलं.

बाई दिवस मावळायच्या आत जेवत, त्यामुळं संध्याकाळचा खेळ त्यांना चालणार नव्हता. म्हणून बाजाराच्या दिवशीचा दुपारचा खेळ ठरला. हवालदारानं लोखंडी खुर्ची पुसून मधोमध मांडली. बाईंनी ती उचलली, पडद्याखाली नेली आणि आमच्याकडे तोंड करून ठेवली.

हवालदार धावत आला. ‘बाईसाब, पिक्चर उदर हाय!’

‘ठाऊक आहे,’ बाई म्हणाल्या. ‘पण ज्याला औषध द्यायचं त्याची नाडी बघतात. बाटलीची बघत नाहीत.’

आणि अडीच तास त्या आमची तोंडं बघत बसल्या. पडद्यावर तलवारी खणखणल्या, आम्ही उड्या मारल्या, शिट्ट्या वाजवल्या. घोंगडीवाल्यानं थंडीत पडलेल्या म्हातारीच्या अंगावर आपला झगा घातला आणि स्वतः उघडा, बुरख्याविना शत्रूसमोर उभा राहिला, तेव्हा सगळं थेटर चिडीचूप झालं. मग दुष्ट दिवाणाच्या नोकराचा नाच आला. तो सगळ्यांत गमतीचा भाग. आम्ही पोट धरधरून हसलो. हसताना माझी नजर बाईंकडे गेली. त्यांचा चेहरा इतका कठोर मी कधी पाहिला नव्हता. संपली माझी शाळा, मी मनात म्हटलं.

पुढच्या बाजारी त्या पुन्हा आल्या आणि या वेळी पडद्याकडे तोंड करून बसल्या. सबंध सिनेमा पाहिला. डोळ्याची पापणी हलली नाही, असं हवालदार नंतर आठवडाभर सांगत होता.

शाळेच्या ओसरीवर गाव जमलं. बाई उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदा मलाच पुढं बोलावलं.

‘शकू, उडी मारलीस तेव्हा काय वाटलं?’

‘उडतेय असं वाटलं, बाई.’

‘किती वेळ?’

‘खाली येईस्तोवर.’

ओसरी हसली. आबा हसले नाहीत.

‘म्हणजे पोरीला कळलंय,’ बाई म्हणाल्या. ‘परत उडी मारशील?’

‘न्हाई, बाई.’ मग खरं बोलावंसं वाटलं म्हणून म्हणाले, ‘गंजीवरनं न्हाई.’

तात्या खाकरले. ‘बाई, ते ऱ्हाऊ द्या. मारामारी किती हाय ते सांगा. हिंसा हाय का न्हाई?’

बाईंनी पदर खोचला. त्यांची भाषा बदलली, तसे आम्ही सगळे सावरून बसलो.

‘तात्या, हिंसा मला शिकवू नगासा. जत्रंत कुस्तीच्या फडाला तुमी चार वर्साचा नातू खांद्यावर घिऊन बसता. नाकातनं रगात आलं की टाळ्या वाजवता. ते खरं रगात आसतंय. ह्या सिनेमात बारा माणसं पडली, येकाच्या बी अंगाला खरचटलं न्हाई. पोरांस्नी ते कळतंय. मी त्यांची तोंडं बगितली. मारामारीला ती वरडत हुती, पर डोळं भरलं ते म्हातारीच्या अंगावर झगा पडला तवा. सहा वर्साच्या आतली भ्याली, चाबूक दिसला की डोळं झाकत हुती. त्यांस्नी नगं. बाकीच्यांस्नी दावा.’

कुणीतरी मागून म्हणालं, ‘आन् हात मोडलं त्येचं काय?’

‘पाणी गाळून पितात. गढूळ हाय म्हणून आड बुजवत न्हाईत!’

 मग हवालदारानं पलटणीतला कडक सलाम ठोकला आणि ओसरीवर एकच कल्ला झाला. बाईंनी हात वर केला. ‘अजून एक हाय. दिवाणाच्या नोकराचा नाच पोरांच्या खेळाला दाखवायचा न्हाई. का, ते मी सांगणार न्हाई.’

हवालदार म्हणाला, ‘फिलम कापता येत न्हाई, बाईसाब.’

‘तुमची टोपी हाय की. धरा यंत्राम्होरं.’

आबा उठले. माझ्याकडे न बघताच म्हणाले, ‘शके, दप्तर सोड. उद्या शाळा हाय.’ त्या दिवशी मला खरोखर उडता आलं असतं.

पुढं दर बाजारी मुलांच्या खेळाला ती जागा आली की हवालदार आवाज बंद करायचा आणि यंत्रापुढं टोपी धरायचा. दोन मिनिटं काळोख. आम्ही त्या काळोखात टाळ्यांचा ताल धरायचो. आणि सोमवारी बाई फळ्यावर मधोमध रेघ ओढायच्या. सिनेमातलं काय घ्यायचं ते एकीकडे, काय परत आडात सोडायचं ते दुसरीकडे. उडी दुसरीकडे गेली. म्हातारीला झगा पांघरवणं पहिल्या बाजूला, आणि त्या थंडीत सगळी घोंगडी म्हाताऱ्यांकडे परत गेली. तात्यांना त्यांचं घोंगडं त्यांच्या नातवानं स्वतः नेऊन पांघरवलं. मग तात्या कुठले सिनेमाला नाही म्हणतायत!

दोन वर्षांनी बाईंची बदली मेढ्याला झाली. निरोपाच्या दिवशी शाळेतली सगळी मुलं घोंगडी बांधून गाडीमागं धावली. आबांनी स्वतः बैल जुंपले होते. गाडीत बाईंच्या ट्रंकेशेजारी नामदेव बसला होता, सगळ्यांत काळं घोंगडं त्याचं. काठी तलवारीसारखी उगारून तो ‘चला रं गड्यानो!’ म्हणून ओरडत होता, आणि आम्ही सगळे त्याच्या हुकमानं पळत होतो. एवढा थाट पडद्यावरच्या वीराचाही नव्हता.

वेशीपाशी गाडी थांबली. मी दोन वर्षं पोटात ठेवलेला प्रश्न विचारला. ‘बाई, तो नाच का झाकला? त्यात तर मारामारीही नव्हती.’

बाई खाली वाकल्या आणि माझ्या कानाशी हळू आवाजात म्हणाल्या, ‘तो नोकर कसा नाचायचा, आठव.’

मी आठवलं. तो लंगडत नाचायचा. एक पाय ओढत. म्हणून तर हसू यायचं.

‘सगळं थेटर हसत होतं, शकू. एकच तोंड हसत नव्हतं. तुझ्या उजव्या हाताला कोण बसलं होतं त्या दिवशी?’

मला आठवेना. बाजूला बघायला मला फुरसतच कुठं होती? मी हसत होते.

गाडी हलली. वर नामदेव आता काठी उगारून उभा राहिला होता. तोल जाऊ नये म्हणून बाईंनी त्याचं घोंगडं मागून घट्ट धरलं होतं, आणि तो गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं हसत होता.

आता माझा नातू विचारतो, ‘आजी, हा सिनेमा मुलांना दाखवू का गं?’ मी म्हणते, चल, बघून सांगते. मग थेटरात सगळे हसायला लागले की मी मागं वळून बसते.